साल वर, साल खाली

ताईंच्या धुराड्यातून निघणारा धूर मी चौकातूनच पाहिला. कोरड्या लाकडाचा धूर पातळ असतो, सरळ वर जातो आणि विरतो. हा जाड होता, मळकट पांढरा, आणि छपरावरून घसरत खाली गल्लीत उतरत होता. ओल्या लाकडाचा धूर. त्या घरात लाकूड मीच टाकलं होतं.

ताई म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण. एकट्याच राहतात. छाती पहिल्यापासून नाजूक. जरा धूर झाला की त्यांना धाप लागते, हे मला लग्नापासून ठाऊक आहे. तरी मी गाडी थांबवली नाही. मागे दुसऱ्या गिऱ्हाइकाचं सरपण भरलेलं होतं, तेवढंच निमित्त पुरलं.

आमची लाकडाची वखार. लोकांच्या आवारातली वाळलेली, वाऱ्यानं कललेली, भिंतीवर रेललेली झाडं मी उतरवतो. मशीनच्या करवतीनं त्यांचे ओंडके करायचे, कुऱ्हाडीनं फोडायचे आणि शेडमध्ये थप्प्या लावायच्या. थप्प्या लावायचं काम हिचं, म्हणजे माझ्या बायकोचं. फोडलेल्या लाकडानं दोन उन्हाळे खाल्ल्याशिवाय ते घर ऊबवायच्या शेगडीत घालण्याजोगं होत नाही. कुठली थप्पी तयार झाली ते ही सांगायची. दोन फोडी उचलायची आणि एकमेकींवर आपटायची. कोरडं लाकूड टणकन वाजतं, ओलं नुसतं धप्प करतं. मला त्यातलं काहीच ऐकू येत नाही. जन्मभर करवत कानाशी, कान केव्हाच गेले. समोर बसून मोठ्यानं बोललं तर समजतं, बाकी सगळा अंदाज.

गिऱ्हाइकं मात्र मलाच म्हणायची, मालक, तुमचं लाकूड डोळे मिटून घ्यावं. मी मान डोलवायचो. ही आतून चहा घेऊन यायची आणि काही बोलायची नाही.

उन्हाळा सरता सरता ही गेली. साध्या तापाचं निमित्त झालं.

नंतर घरात बसवेना. शेडमध्ये जाऊन उभा राहिलो तर थप्प्या मला वेड्यावाकड्या वाटल्या. काहींच्या वरच्या रांगेतल्या फोडींची साल वर, काहींची खाली. वाटलं, आजारपणात हिचा हात चालला नसेल. हातांना काम हवंच होतं. मी सगळ्या थप्प्या उतरवल्या आणि नव्यानं रचल्या. या थप्पीतलं त्या थप्पीत, जिथे जे नीट बसेल तिथे, आणि वरची साल सगळीकडे वर. काम झाल्यावर लांब उभा राहून पाहिलं. शेड इतकी देखणी कधीच दिसली नव्हती. हिला दाखवायला हवी होती, असंसुद्धा मनात आलं. थंडी पडली तसं याच थप्प्यांतून मी ताईंकडे आणि गल्लीभर सरपण पोचवलं.

ताईंकडचा धूर पाहिला त्या संध्याकाळी मला आठवलं. आमच्या सुरुवातीच्या दिवसांत हिनं मला सांगितलं होतं, साल खाली म्हणजे त्या थप्पीला अजून हात लावायचा नाही. मी हसून म्हणालो होतो, मला कशाला सांगतेस, तू आहेस ना. त्यानंतर तिनं तो विषय काढला नाही आणि मी विचारलं नाही.

ओलं लाकूड ओळखायची आणखी एक रीत आहे, ती मला येते. फोड पुन्हा फोडायची आणि आतली बाजू गालाला लावायची. गार लागली तर ओली. वेळ खाणारं काम, म्हणून कोणी करत नाही. मी थप्पीतून एक फोड ओढली, फोडली, गालाला लावली. गार. दुसरी बरी निघाली. तिसरी पुन्हा गार. मग पुढे बघायचं धाडस झालं नाही. अख्खी शेड मी एकत्र कालवून ठेवली होती. वरून दिसायला सगळं सारखंच, टोकांच्या चिरासुद्धा सारख्याच.

तरी दोन दिवस मी ताईंकडे गेलो नाही. मनाची समजूत घातली की सुक्याबरोबर ओलंही जळतं, शेगडी एकदा तापली की पुढचं चालून जातं. पण मी या धंद्यात म्हातारा झालोय. ओल्या लाकडाची काजळी धुराड्यात डांबरासारखी धरते आणि एखाद्या दिवशी तीच पेट घेते. हे मी लोकांना स्वतः बजावत आलोय. खरं कारण वेगळं होतं. ताईंसमोर उभं राहून मला सांगावं लागलं असतं की लाकडातलं मला कळत नाही, कळायचं ते तुमच्या बहिणीला.

तिसऱ्या दिवशी गेलो. शेगडी पेटलेली आणि खिडकी सताड उघडी. ताई कोट घालून, डोक्याला लोकरीचा रुमाल गुंडाळून बसल्या होत्या. शेगडीच्या दाराची काच काळी झाली होती. शेगडीच्या पाठीवर, किटलीशेजारी, दोन फोडी वाळत टाकलेल्या. माझ्याच फोडी.

"लाकूड ओलं आहे, ताई," मी म्हणालो.

"असं होय? मला वाटलं शेगडीच रुसलीय."

मग त्यांना खोकला आला. तो थांबेपर्यंत मी जमिनीकडे पाहत राहिलो. आधी का नाही सांगितलं, असं विचारलं तर त्या म्हणाल्या, "काय सांगू, भाऊजी? तुमची बायको गेली आणि मी दारात येऊन तक्रार करू, की तुमचं सरपण पेटत नाही?"

मग एकेक कळत गेलं. समोरच्या शिंपीणबाई कागदाचे बोळे घालून घालून थकल्या होत्या. कोपऱ्यावरचे औषधवाले कपाटाच्या मोडक्या फळ्या जाळत होते. सगळ्यांना ठाऊक होतं. गल्लीनं आपसात ठरवलं होतं की यंदा मला काही बोलायचं नाही. माझ्या दुःखाचा मान म्हणून माणसं थंडीत कुडकुडत होती आणि मी गाडी घेऊन त्यांच्या दारावरून जात होतो.

मी ताईंना सगळं सांगितलं. कानांचं, थप्प्यांचं, साल वर आणि साल खाली.

त्या म्हणाल्या, "कानांचं मला माहीत होतं. धाकटीनंच सांगितलं होतं. म्हणाली, ताई, लोकांसमोर बोलू नकोस, त्यांना कमीपणा वाटेल."

मला वाटलं, आता त्या माझी समजूत काढतील. पण थप्प्यांचं त्यांच्या मनातून जाईना. त्या म्हणाल्या, "शेडभर तिच्या हाताच्या खुणा होत्या, भाऊजी. आणि तुम्ही आवरून टाकल्यात."



त्याच दिवशी मी त्यांची शेगडी विझवली, छपरावर चढून धुराडं खरवडलं. काळं, चिकट असं घमेलंभर निघालं. मग घरी जाऊन बसलो आणि फोडी फोडून गालाला लावत राहिलो, गाल बधिर होईपर्यंत. जेवढ्या कोरड्या निघाल्या तेवढ्या आधी ताईंकडे पोचवल्या, मग शिंपीणबाईंकडे, मग औषधवाल्यांकडे. शिंपीणबाई म्हणाल्या, अहो, छान जळतंय की, कशाला त्रास घेता? त्यांचे डोळे धुरानं लाल झाले होते. मी त्यांच्या ओसरीवरचं ओलं सरपण गाडीत भरलं.

पुढच्या खेपेला ताईंनी दोन फोडी मागून घेतल्या आणि एकमेकींवर आपटल्या. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होतो. "हा आवाज ओळखीचा आहे," त्या म्हणाल्या. "लहानपणी धाकटी असंच करून डोकं उठवायची." मग त्यांनी त्या फोडी माझ्या हातात दिल्या. म्हणाल्या, तुम्हीही वाजवून बघा.

मी वाजवल्या. आवाज नाहीच आला. पण हाताला झणका बसला, थेट मनगटापर्यंत. गाडीतून परत न्यायच्या ओल्यांमधल्या दोन घेतल्या आणि आपटल्या. हात गप्प राहिला. पुन्हा कोरड्या घेतल्या. पुन्हा झणका. एवढं सोपं होतं. कानांची गरजच नव्हती. ती शेडमध्ये फोडी वाजवत असताना एक दिवस जरी त्या माझ्या हातात घेऊन बघितल्या असत्या, तरी कळलं असतं. मी लांब उभा राहून, आटपलं का, एवढंच विचारत आलो.

ताईंनी विचारलं, काय झालं? मी म्हणालो, काही नाही, खिडकी आता लावून घ्या.

आता शेडमध्ये ओल्या थप्प्या वेगळ्या लावल्यात. वरच्या रांगेची साल खाली. त्यांना अजून एक उन्हाळा द्यायचा आहे.