लक्ष नव्हतं

हिरवं टोपण पुन्हा निसटलं. डिंक ओला होता, की पुठ्ठाच वाकडा... तिनं ते अंगठ्यानं दाबून धरलं. शेजारी दुसरं टोपण, तेही हिरवं, तेवढंच मोठं, मुद्दामच. आईच्या कारखान्यातल्या कागद कापायच्या यंत्रावर अशीच दोन बटणं होती – एकानं पातं खाली यायचं, दुसऱ्यानं थांबायचं – आणि दोन्हींच्या मधे बोटभरही जागा नव्हती. बोटभर... हा शब्द मनात आला की तिचा अंगठा सैल पडायचा. आई त्या अपघाताबद्दल फारसं बोलत नसे. बटणांचं सगळं लेकीनं यंत्र दुरुस्त करणाऱ्या काकांकडून, त्यांच्या मागे लागून लागून, काढून घेतलं होतं.

मधल्या सुट्टीत प्रयोगशाळेत घोळका जमला. खेळ साधा होता : ती समोरच्याला गप्पांत गुंतवणार, आणि मधेच तिनं घंटी वाजवली की त्यानं थांबायचं बटण दाबायचं. एकेक जण चुकत गेला, हसत गेला. शेवटी वर्गातला हुशार, ज्याला सगळे ‘पहिला नंबर’च म्हणत, तो बाह्या सारून आखाड्यात उतरल्यासारखा पुढे आला – आणि चुकला. खांदे उडवून म्हणाला, “लक्ष नव्हतं माझं.”

हेच. अगदी हेच वाक्य आई दवाखान्यात, पट्टी बांधलेला हात पोटाशी धरून म्हणाली होती. साहेबांना, मामाला, बघायला आलेल्या शेजारणीला, आणि मला – मी विचारलं नव्हतं तरी. पण याचं लक्ष होतं. मी बघत होते ना, डोळे पुठ्ठ्यावर खिळलेले होते त्याचे. लक्ष असतं, आणि तरीही हात चुकतो... तो का चुकतो, आणि यंत्र कसं केलं तर चुकणार नाही, हे शिकवणारी एक विद्या जगात आहे आणि ती मला हवी आहे.

भौतिकशास्त्राच्या सरांना तिनं तेच सांगितलं. त्या विद्येचं ह्युमन फॅक्टर्स इंजिनिअरिंग हे नाव त्यांनी ऐकलं होतं. पण भौतिकशास्त्र, गणित आणि जोडीला मानसशास्त्र असं वेळापत्रकात बसत नाही, एक ना धड भाराभर चिंध्या होतील, असं त्यांचं म्हणणं पडलं. ती हलली नाही. मानसशास्त्र वाचनालयात बसून स्वतःच शिकेन, फक्त परीक्षेला बसू द्या, म्हणाली. सर बराच वेळ चष्मा पुसत राहिले. मग मुख्याध्यापकांशी बोलून बघतो म्हणाले.

“दोन डगरींवर पाय ठेवणं अवघड असतं, पोरी.”

“ठेवते, सर.”

संध्याकाळी आई पलंगावर कपड्यांच्या घड्या घालत होती. तिनं पुठ्ठा समोर ठेवला, आणि आईचा हात – दोन बोटं पेरभर आखूड असलेला – पटकन चादरीखाली गेला. काय आहे हे सांगावं लागलं नाही. सगळे चुकले, आई, पहिला नंबरसुद्धा... ती घाईघाईनं सांगत गेली, आणि मग इतके दिवस जपून ठेवलेलं वाक्य तिनं एकदाचं उच्चारलं, “तुझी चूक नव्हतीच.”

आता आई रडेल, निदान सुस्कारा तरी टाकेल... आईनं एका सदऱ्याची बाही सरळ केली.

“माझी चूक होती म्हटलं ना, की पुन्हा होऊ द्यायची नाही एवढं तरी माझ्या हातात राहतं. तेवढं काढून घेऊ नकोस गं.”

कुणीतरी पायाखालचा पाट ओढून घ्यावा तसं झालं. म्हणजे मी कुणाचा खटला लढवत होते? जिच्यासाठी लढले तिलाच सुटका नको होती... राग यायला हवा होता. आला नाही.

आईनं पुढचा कपडा घडीला घेतला. मग आई स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, की हल्ली तिला बांधणीच्या टेबलावर बसवतात, आणि त्या यंत्रावर एक नवी पोरगी आली आहे, तुझ्याहून थोडीच मोठी. धांदरट आहे जरा. “रोज सांगते तिला, लक्ष दे गं बाई.”

त्या पोरीला तिनं कधी पाहिलं नव्हतं. तरी त्या पोरीचे हात मात्र तिला दिसायला लागले, सकाळच्या पाळीला यंत्राशी उभे राहणारे, अजून पुरते धड. आईचं काय बरोबर नि काय चूक, ते आज सुटणार नव्हतं. कदाचित कधीच नाही. पण ती पोरगी उद्याही कामावर जाणार होती. तिचा कुठला हात कुठल्या बटणावर आधी जातो, ते कळायला हवं होतं.

“ती डावखुरी आहे का गं?” तिनं विचारलं.

आईचा हात घडीवर थांबला. तिला आठवेना. आणि आई आठवत असताना, उत्तराची वाट बघत, तिला आपल्या आत जिद्दीसारखं काहीतरी, थंड, चिवट, खूप दिवस पुरेल असं बसत चाललेलं जाणवलं.