मंगळवारी दहा वाजता

अफगाणिस्तानात जाणाऱ्या आमच्या डच शिपायांना, तिथल्या लोकांशी कसं वागावं हे आधी चार दिवस शिकवतात. त्या शिकवणीचा उपयोग होतो का, हे तपासायचं काम माझं. परतलेल्या चाळीस जणांनी दहापैकी आठ गुण दिले होते. आमच्याकडे दहा कुणी कुणाला देत नाही, तेव्हा आठ म्हणजे डोक्यावरून पाणी.

सार्जंट वीबे हुकेमाने मात्र फॉर्म कोराच परत केला. मला रागच आला. एवढंसं काम, तेही नको! मी त्याला बोलावून घेतलं.

त्याने कॉफीला हातही लावला नाही. शिकवलेलं सगळं पाळलं, म्हणाला. बूट दाराबाहेर, जेवण उजव्या हाताने, घरातल्या बायकांची चौकशी नाही. गावचा म्हातारा हाजी सरवर त्याला लेक म्हणायला लागला होता. निघताना तो म्हणायचा, वाटेल तेव्हा ये. आणि वीबे डायरी उघडून विचारायचा, पुढच्या मंगळवारी दहाला चालेल ना? आम्ही सख्ख्या आईकडेही न विचारता जात नाही. घातपात टाळायला जाण्यायेण्याचे रस्ते त्याने दर वेळी बदलले, ठरलेली वेळ मात्र कधीच बदलली नाही. पाहुण्याने यजमानाला ताटकळत ठेवणं बरं दिसत नाही. अकरा मंगळवार तो ठोक्याला पोचला. बाराव्या मंगळवारी गाडी ओढ्यात अडकली आणि पाच मिनिटं उशीर झाला. फाटकाशी लपवलेला बाँब मात्र बरोबर दहाला फुटला. म्हातारा तिथेच त्याची वाट बघत उभा होता.

"मी मारलं का त्याला, बाई?" वीबेने विचारलं. "तेवढं सांगा, मग भरतो तुमचा फॉर्म."

मी तो कोरा फॉर्म तसाच फायलीत ठेवला. पण सोमवारी निघणाऱ्या तुकडीला तरी हे कळायलाच हवं होतं. मी अहवालात पहिल्याच पानावर लिहिलं: आपल्या स्वतःच्या सवयीही शिकवा, त्या जिवावर उठतात.

माझे वरिष्ठ मेजर ओस्तिंगा यांनी ते वाक्य शांतपणे खोडलं. "अगं हिल्डा, आपण त्यांची संस्कृती शिकवतो. वेळ पाळणं ही काय संस्कृती आहे? ते साधं सभ्य वागणं झालं."

मी भांडायला तोंड उघडलं. मेजरांनी घड्याळाकडे बघितलं. साडेदहाची वेळ त्यांनी दुसऱ्या कुणाला दिली होती. आणि सांगायला लाज वाटते, मी निमूट उठले.