पाऊण आटा

गॅरेजात छगन मिस्त्रीने चहाचा ग्लास मनवाच्या हातात दिला आणि खुशीत म्हणाला, "ताई, तुमचा पाऊन आटा लई भारी ठरला. काल रिकामी गाडी अशी पळाली, हनुमंताचं हसू थांबंना."

मनवाचा ग्लास ओठांपाशीच राहिला. "पाऊण? मी पाव म्हणाले होते, मिस्त्री."

"माझ्यासमोर तुमाला इचारलं की त्यानं. फोन ठिवला आन म्हनला, पाऊन फिरव."

परवाचा फोन तिला आठवला. ती पाथर्डीच्या कॉलेजात, प्रयोगशाळेत शिकवत होती आणि मागे मुलांचा गलका चालला होता. ट्रकवाल्या हनुमंतने विचारलं, "पाव का?" तिने ठासून सांगितलं, "हो, पाव ना." पाव ना. इकडे पाऊणला सगळे पाऊनच म्हणतात, हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं.

आटा म्हणजे डिझेल पंपाच्या स्क्रूचा एक पूर्ण फेरा. तो स्क्रू आत फिरवला की इंजिनात डिझेल जास्त जातं. हवा आपोआप वाढत नाही, म्हणून तिने आधी मोठा एअर फिल्टर बसवायला लावला होता. त्या हवेत पाव आट्याचं डिझेल जळलं असतं. त्यापुढच्या डिझेलचा नुसता धूर आणि उष्णता. धुराच्या नळीत तिनेच तापमान मोजायची तार बसवली होती आणि केबिनमधल्या मीटरवर लाल पट्टी चिकटवून लिहिलं होतं, 'साडेसहाशेच्या वर नको.' रिकाम्या गाडीत आकडा तिथवर जात नाही. भरल्या गाडीत, चढावर जातो.

"हनुमंतदादा आत्ता कुठे आहेत?"

"बारा कोयते घिऊन निघालाय, कारखान्यावर. करंजीच्या घाटात आसंल."

बारा कोयते म्हणजे ऊसतोडीची बारा जोडपी. शिवाय त्यांची पोरं, शेळ्या, भांडीकुंडी.

तिने फोन लावला. उचलला राजेश्वरीने, हनुमंतच्या बायकोने. टोळी तिच्या भावाची, श्रीमंतची होती. पोचवायला ती केबिनमध्ये बसून निघाली होती.

"वहिनी, मीटरवर आकडा किती आहे?"

"सातशे चाळीस. हे म्हनत्यात, ताईला सांग, मागच्या गाड्या दिसंनात."

"फोन स्पीकरवर टाका. दादा, पाय सैल करा आणि खालचा गिअर टाका."

"का वो? आत्ता कुठं रंगात आलीया."

"मी पाव सांगितलं होतं. तुम्ही पाऊण फिरवलाय. पिस्टन वितळेल."

"तुमीच म्हनला पाऊन," हनुमंत हसला. "मास्तरांच्या घरचं काळीज, चढ बघून भ्यायलंय. लोखंड कधी वितळतं व्हय?"

"पिस्टन ॲल्युमिनियमचा असतो. घरातल्या पातेल्यासारखा."

तरी इंजिनाची घरघर कमी झाली नाही.

"सातशे साठ," राजेश्वरी म्हणाली. "चुलीवर इसरलेलं पातेलं कसं गळतं, मी बगितलंय. घ्या गाडी कडंला."

गाडी थांबली. मनवाने एकेक गोष्ट सावकाश सांगितली: चाकांमागे दगड लावा, माणसं उतरवा, इंजिन लगेच बंद करू नका. शेळ्यांचं ओरडणं, पोरांचं रडणं, मधूनच राजेश्वरीने वाचलेला आकडा. पाचशे. तीनशे दहा. मग इंजिन बंद केलं.

"आता किती मागं घेऊ?" हनुमंतचा आवाज खाली आला होता.

'अर्धा' हा शब्द तिच्या तोंडात आला होता. तिने तो गिळला. "स्क्रूच्या खाचेच्या एका टोकाला खडूने खूण करा. ती खूण घड्याळात बारावर आहे असं धरा. उलटी फिरवून सहावर आणा. काय करणार ते मला परत सांगा."

"बारावरनं सहावर. उलटं."

"बरोबर. मग चालू करा आणि फोन इंजिनाजवळ धरा."

इंजिन सुरू झालं. सलग घरघरीतून ठराविक अंतराने टक् असा एक कोरडा आवाज येत होता. छगनने कान पुढे केला आणि मान हलवली. "एक पिस्टन गेला."

"आवाज हाय थोडा," हनुमंत म्हणाला. "पर चढ संपतच आलाय. बसवतो लोकं, हळूहळू जातो."

"रिकामी पण नेऊ नका, दादा. चढावर इंजिन जाम झालं तर?"

"आन हितं रस्त्यावर ठिवू व्हय सगळी? मुकादम कारखान्यावर वाट बघतोय."

"चूक माझी आहे," ती म्हणाली. "फोनवर तुमच्याकडून परत म्हणवून घ्यायला पाहिजे होतं."

"कुनाचीबी आसंना आता. ए श्रीमंत, चढव रं पोरं."

ट्रकच्या मागचा लोखंडी फाळका आपटून बंद झाल्याचा आवाज आला. पाठोपाठ इंजिन बंद पडलं.

"कुनी चढायचं न्हाई," राजेश्वरी लांबून म्हणाली. "किल्ली मी काढलीया."

हनुमंत काही बोलला, ते वाऱ्यात कळलं नाही. छगन दुसऱ्या ट्रकवाल्याला फोन लावू लागला. मग फोनवर राजेश्वरीचा आवाज जवळ आला.

"ताई, तुमी या. येताना पान्याचे जार आना, लेकरं उन्हात हायती."

"किती आणू?"

"दोन."

"दोन ना?" मनवाच्या तोंडून गेलं. ती थबकली. "वहिनी, परत सांगते. दोन. एक आणि एक."