बोटभर उजेड

रिटचवालीचा एक कान सकाळपासून अमेरिकेत होता. दुसरा मालकासाठी मोकळा ठेवावा लागे, नाहीतर त्याने हाका मारमारून अख्खा फोटो स्टुडिओ डोक्यावर घेतला असता.

तिचं काम तसं सरळ. लोकांच्या चेहऱ्यांवरचे डाग, मुरमं, डोळ्यांखालची वर्तुळं संगणकावर पुसायची. हाताला काम, कानातल्या यंत्रात कादंबरी. आणि कादंबऱ्याही बाईला एकाच तऱ्हेच्या लागत, जुन्या अमेरिकेतल्या गोऱ्या-काळ्यांच्या. वेगळे नळ, मागची बाकं, मागचं दार. ऐकता ऐकता ती रडायची, दातओठ खायची, पण सोडवत नसे. कुणी विचारलंच तर म्हणायची, "अहो, त्यात कोण चूक, कोण बरोबर, ते लख्ख कळतं. आपल्या रोजच्या जगण्यात कुठे कळतं?"

संध्याकाळी जेवताना ती त्या दिवशीचा भाग मुलीला सांगे. मुलगी शाळकरी, पट्टीची पोहणारी, म्हणून घरात तिचं नाव मासोळी. उघड्या तलावात वर्षभर डुंबून मुळातला सावळा रंग आणखी गडद झालेला. आजी येता-जाता म्हणे, "पुरे झालं ते पाणी, कोळसा झालीस!" मासोळी हसण्यावारी न्यायची. पण फोटो म्हटला की ही आपली शेवटच्या रांगेत, कुणाच्या तरी खांद्याआड. रिटचवालीला ते फार लागायचं. जगाचे चेहरे नीट करते मी, आणि पोटच्या पोरीचा एक धड फोटो नाही घरात!

आणि परवा मासोळीने शर्यत मारली. पोहण्याच्या क्लबने दर्शनी भिंतीवर लावायला फोटो मागितला, तर पोरगी आपणहून म्हणाली, "आई, तूच काढ. समोरून." रिटचवालीचा आनंद गगनात मावेना. ओल्या केसांची, सगळे दात दाखवून हसणारी पोर तिने तलावाच्या काठावर टिपली. आज तो फोटो साफ करून, मोठा छापून द्यायचा होता. सरावाला जाताना मासोळी स्टुडिओतून घेऊन जाणार होती.

नेमकी आजच कादंबरी अशा वळणावर आली की रिटचवालीला खुर्चीत बसवेना. गोष्टीत एक काळी धोबीण होती. तिचा मुलगा लढाईवर निघालेला. जाण्याआधी त्याचा एक फोटो आपल्याजवळ असावा, एवढंच तिचं मागणं. गावात फोटोवाला एकच, तोही गोरा. त्याने मायलेकांना मागच्या दाराने आत घेतलं, गोऱ्या गिऱ्हाइकांसाठी लावलेले दिवे तसेच ठेवले आणि खटका दाबला. फोटोत पोराचा सदरा तेवढा दिसला. चेहऱ्याच्या जागी नुसता काळा डाग.

"मेल्या, दिवा जरा जवळ घ्यायला काय झालं होतं!" रिटचवाली ओरडली.

"मला म्हणालात?" मालकाने पडद्याआडून विचारलं.

"तुम्हाला कशाला म्हणेन? तो अमेरिकेतला!"

"अमेरिका राहू द्या. पोरीचा फोटो धाडा इकडे, छपाईला खोळंबा होतोय."

तिचा जीव टांगणीला लागला होता. धोबीण आता मुकाट्याने घेते की काय तो फोटो? पाय एकसारखा हलत होता, मन त्या मागच्या दाराशी, आणि हात आपले चालूच. गालावरचा थेंब पुसला, कपाळावरचा ओरखडा पुसला, आणि शेवटी डाव्या हाताची बोटं गेली ती नेहमीच्या बटणांवर. मालक त्याला 'बोटभर उजेड' म्हणे. येईल तो चेहरा, कुणी मागो न मागो, एक छटा उजळ करून द्यायचा. चेहरा सावळा दिसला की तिची बोटं दोनदा पडत, तीनदाही. आजवर कुणाची तक्रार नव्हती.

तिकडे धोबिणीने फोटो टेबलावर परत ठेवला. "हा माझा मुलगा नाही," ती म्हणाली. वा गं माझी बाई! रिटचवालीच्या डोळ्यांना धार लागली. त्याच भरात तिने फोटो छपाईला धाडला. मालकाने फ्रेम करून आणून ठेवला, तोही तिने धड पाहिला नाही. मासोळी दारातून आत येते न येते, तोच तिने तिला धोबिणीची गोष्ट सांगून टाकली.

मासोळी ऐकता ऐकता फ्रेम उचलून बघत होती. तिचं हसू मावळलं. "ही कोण?"

"कोण म्हणजे? तू!" म्हणत रिटचवालीने फ्रेमकडे पाहिलं. काचेआड कुणाची तरी गोरटेली मुलगी मासोळीच्या दातांनी हसत होती. फ्रेम धरलेली बोटं तेवढी सावळी होती.

"अगं, सवयीने हात गेला गं. ऐकण्याच्या नादात... आम्ही सगळ्यांनाच करतो."

"छान उजळ आलाय की!" मालक पडद्याआडून म्हणाला.

"आजीचं मी मनावर घेत नाही," मासोळी म्हणाली. "मला वाटायचं, तुला मी दिसते."

तिने फ्रेम आईच्या टेबलावर ठेवली.

"त्या बाईने फोटो परत दिला ना?"

"दिला."

"मग मीही देते."

पोहण्याची पिशवी खांद्याला लावून ती निघाली. रिटचवालीने कानातलं यंत्र उपटून टाकलं आणि घाईघाईने मूळ फोटो उघडला. "थांब गं, जाऊ नकोस. इथे ये. तू सांगशील तसं करू."

मासोळी दारात थांबली. "आधी हात मांडीवर ठेव," ती म्हणाली. "मग येते."

रिटचवालीने दोन्ही हात बटणांवरून उचलून मांडीवर घेतले.