फर्नांदनी खरवडलेलं छत

ओदिल ज्या शाळेत शिकली, त्याच शाळेची पुढे मुख्याध्यापिका झाली. लाक-ब्लांसारख्या क्विबेकमधल्या लहान गावात याचं कुणाला नवल वाटलं नाही. तिचे वडील फर्नांद यांनी उभी हयात गावच्या खाणीत अ‍ॅस्बेस्टॉस काढला. शाळेच्या छताच्या गिलाव्यातही तोच होता. कंपनीने त्या काळी तो फुकट दिला होता, आणि गावाने बँड वाजवून शाळेचं उद्घाटन केलं होतं.

खाण बंद पडून बरीच वर्षं झाल्यावर सभागृहातल्या गिलाव्याचे पोपडे सुटायला लागले. तपासणी झाली. ती धूळ फुफ्फुसात गेली तर जीवघेणी, म्हणून सगळा गिलावा काढायला हवा होता. शिक्षण मंडळाच्या माणसाने आकडा सांगितला: चाळीस लाख डॉलर.

"एवढ्यात नवी शाळा होते," तो म्हणाला, "आणि मोजक्या मुलांसाठी ती कुणी बांधणार नाही. खर्च निम्म्यावर आला तर बघू. नाहीतर मुलं बसने शेजारच्या गावी जातील."

त्या संध्याकाळी ओदिलने वाटाण्याचं सूप वाढता वाढता वडिलांना हे सांगितलं.

"चाळीस लाख?" फर्नांद म्हणाले. "नुसतं खरवडायचे?"

"अंगभर पोशाख घालून काढावं लागतं, पापा. खोल्या प्लास्टिकने बंद करायच्या, आतली हवा गाळायची."

"आम्ही त्याच धुळीत बसून जेवायचो."

"म्हणून तर तुमच्याबरोबर खाणीत असलेले लुसियाँकाका छातीच्या रोगाने गेले."

"लुसियाँ सिगारेटी ओढायचा."

हे त्यांचं नेहमीचं भांडण होतं. इथवर आलं की ते थांबायचं.

जूनअखेर शाळेला सुट्टी लागली आणि जुलैत ओदिल काही दिवस बहिणीकडे गेली. परत आली तेव्हा शाळेच्या फाटकाशी वडिलांचा ट्रक उभा दिसला. किल्ली तिच्याच स्वयंपाकघरातून नेलेली होती.

सभागृहात फर्नांद, रोझेर आणि खाणीतले आणखी दोन सोबती मुलांच्या बाकांवर बसून सँडविच खात होते. शिड्या, फावडी, गोणी. अर्ध्याहून जास्त छत लाकडापर्यंत स्वच्छ झालेलं. उकडतंय म्हणून चर्चमधून मोठा पंखा आणून लावला होता, आणि त्याचा झोत सरळ उघड्या दारातून व्हरांड्यात जात होता.

"या मुख्याध्यापिकाबाई," रोझेर म्हणाला. "अर्धे पैसे वाचवले तुमचे. उरलेलं त्या मंडळवाल्याला काढायला सांगा."

"रोझेरकाका, पंखा बंद करा."

तिचा आवाज ऐकून त्याने मुकाट्याने बटण दाबलं. ओदिलने वळून बघितलं. व्हरांड्यातल्या खुंट्यांवर, वाचनालयाच्या पुस्तकांवर, बालवर्गातल्या खेळण्यांवर पिठी चाळावी तशी पांढरी धूळ बसली होती.

तिने सगळ्यांना बाहेर काढलं. बाकीचे नळाखाली तोंड धूत असताना फर्नांद तिच्याजवळ आले. भुवया पांढऱ्या झालेल्या, चेहऱ्यावर अजून थोडा अभिमान होता.

"बरोबर नाही झालं का, पोरी?"

"सगळ्या इमारतीत गेलं ते, पापा."

"पुसून काढू. ओल्या फडक्याने."

"नाही निघत."

"मग कुणाला सांगू नकोस. आम्ही पुन्हा पुन्हा धुऊ."

"ऑगस्टअखेर मुलं येतील त्यात."

फर्नांद ट्रकमध्ये जाऊन बसले आणि समोरच्या काचेतून शाळेकडे बघत राहिले. ओदिलने त्यांच्या देखत मंडळाला फोन केला.

दुसऱ्याच दिवशी शाळेला सील लागलं. आता खर्च एवढा वाढला होता की त्यावर बैठकसुद्धा झाली नाही. इमारत पाडायची असं ठरलं. म्हाताऱ्यांवर खटला झाला नाही, पण तिच्या फोनमुळे शाळा गेली म्हणून गाव ओदिलवर चिडलं. दुकानात तिला पाहून बायका बोलायच्या थांबत. ज्यांची मुलं तिने वाचायला शिकवली होती, तेही तोंड फिरवत.

एका सकाळी ती वडिलांबरोबर कॉफी प्यायला चौकातल्या हॉटेलात गेली. रोझेर आधीच बसलेला होता. सगळ्यांना ऐकू जाईल असं तो म्हणाला, "चार म्हातारे फुकट राबले, आणि हिने सख्ख्या बापाला पकडून दिलं."

ओदिल उठायला लागली. फर्नांदनी तिच्या मनगटावर हात ठेवला.

"तिने नाही," ते म्हणाले. "मीच सांगितलं फोन करायला."

"तू?"

"धूळ किती उडाली ते मला दिसत होतं. तुमच्या तोंडावर सांगायची लाज वाटली."

रोझेर कॉफी तशीच टाकून निघून गेला. शाळेत असल्यापासूनची त्यांची मैत्री होती.

ट्रकमध्ये ओदिल म्हणाली, "असं का बोललात?"

"तुला इथे राहायचंय अजून."

खरं काय ते तिने गावात जाऊन सांगायला हवं होतं. तिने सांगितलं नाही. हळूहळू लोक तिच्याशी पुन्हा बोलायला लागले. तिला शेजारच्या गावच्या शाळेत नोकरी मिळाली, आणि ती मुलांबरोबर त्याच बसने जायला लागली. फर्नांद हॉटेलात जाईनासे झाले.

पुढच्या वर्षी हिवाळ्यात ते वारले. फुफ्फुसं निकामी झाली होती. शेवटच्या दिवसांत दोन वाक्यं सलग बोलता येत नव्हती. अंत्यविधीला रोझेर आला, चर्चमध्ये मागच्या बाकावर बसला, आणि ओदिल त्याच्यापर्यंत पोचायच्या आत टोपी घालून बाहेर पडला.