बाबांना पाय आहेत

बेळगावजवळच्या सांबऱ्याला विमानातून उतरून नागेंद्र रिक्षाने कडोलीला पोचला, तेव्हा अंगणात त्याची आई शालूबाई उभी होती आणि तिच्या लुगड्याच्या आड ऋतिका. त्याची मुलगी. चार वर्षांची. नागेंद्रने बॅगा रिक्षाजवळच टाकल्या, हात पसरले आणि "ऋतू!" म्हणत धावत गेला. पोरीने अशी किंकाळी फोडली की डेअरीला दूध घालून परतणारा भरमाअण्णा सायकल टाकून पळत आला. त्याला वाटलं, पोरीला विंचू चावला.

"अगं, बाबा हाईत तुजं," शालूबाई म्हणाली. "रोज बोलतीस न्हवं?"

"हे न्हवंत," ऋतिका लुगड्यातूनच म्हणाली. "माजं बाबा एवढं हाईत." तिनं दोन तळव्यांत मावेल एवढं माप दाखवलं. मग नागेंद्रकडं वरपासून खालपर्यंत बघून तिनं आणखी एक खोट काढली. "ह्यास्नी पाय हाईत."

भरमाअण्णा पोट धरून हसला. "नाग्या, लेका, चीनला जाऊन पाय फुटलं व्हय रं तुला?"

नागेंद्रही हसला. पण पसरलेले हात खाली घेताना त्याला जड गेलं.

तसं पोरीचं काही चुकलं नव्हतं. नागेंद्र चीनला गेला तेव्हा ती जेमतेम भिंत धरून चालत होती. बेळगावातल्या शाळेची नोकरी सोडून तो छांगशा नावाच्या शहरात बालवाडीच्या पोरांना इंग्रजी गाणी आणि खेळ शिकवायला गेला. तिकडं व्हॉट्सॲप चालत नाही, म्हणून त्याच्या बायकोनं, प्रियदर्शनीनं, फोनवर वीचॅट घालून घेतलं. रोज दिवेलागणीला त्याची ती ठरलेली धून वाजायची. प्रियदर्शनी फोन तांदळाच्या डब्याला टेकवून ठेवायची आणि पोरीला मांडीवर घेऊन म्हणायची, "बाबांना घास दे." ऋतिका भाकरीचा तुकडा फोनच्या काचेला लावायची. तिकडं नागेंद्र आ करून तोंड हलवायचा. काच रोज पुसावी लागायची. बाबा म्हणजे तो डबा, ती धून आणि छातीपर्यंतचा माणूस. पाय कुठून दिसणार?

मागच्या भाद्रपदात प्रियदर्शनीला कावीळ झाली. ती पोटात गेली आणि आठवड्याच्या आत सगळं संपलं. नागेंद्र पोचला तेव्हा राख सावडून झाली होती. ऋतिकाला त्या वेळी ताप होता, ती सदलग्याला आजोळी होती, तिला कुणी आणलं नाही. आणली असती तरी त्या दिवसांत नागेंद्रला कोण आलं, कोण गेलं, काही कळत नव्हतं. तेरावा झाला आणि तो परत चीनला गेला. का गेला, ते त्याला आजही नीट सांगता येत नाही. तिथं सकाळी उठून पंचवीस पोरांची नाकं पुसायची होती. इथं उठून काय करायचं, ते समजत नव्हतं.

आता जुलैची सुट्टी लागली म्हणून तो आला होता. बालवाडीच्या मोठ्या बाईंनी निघताना सांगितलं होतं, सप्टेंबरला येणार की नाही ते महिनाअखेर कळवा. येत असताना विमानात नागेंद्रच्या मनात एकच होतं. पोरगी जवळ आली, तर राहायचं.

पोरगी जवळ येत नव्हती. त्यानं आणलेला बोलणारा पांडा तिनं घेतला, आणणाऱ्याला नाही घेतलं. तो जेवायला बसला की ती ताट उचलून चुलीमागं जायची. तो खोलीत आला की ती अंगणात. शेजारची मालुबाई म्हणाली, "फोन बंद करून ठिवा चार दीस. आपसूक यील." शालूबाईंनी प्रियदर्शनीचा फोन बंद करून कपाटात ठेवला. संध्याकाळी ऋतिका तांदळाच्या डब्यासमोर जाऊन बसली. भाकरीचा तुकडा हातात धरून बसून राहिली. खाईना, उठेना.

"बाबा आलं न्हाईत," ती म्हणाली.

बाबा पाच हातांवर दाराला टेकून उभे होते.

शालूबाईंनी लेकाकडं बघितलं आणि कपाटातला फोन चालू केला. नागेंद्र घरामागच्या परड्यातल्या गोठ्यात गेला आणि तिथून त्यानं फोन लावला. धून वाजली. पोरीच्या पायांचा आवाज त्याला भिंतीपलीकडून ऐकू आला.

"बाबा, जेवलासा?"

"न्हाय अजून. तू?"

"आमच्या घरात एक माणूस आलाय."

"कसा हाय?"

"लई खातोय."

"आनि?"

ऋतिकानं जरा विचार केला. "रडतोय. आजी म्हनती न्हाय, पन म्या बघितलंय."

नागेंद्रनं फोन थोडा वर धरला, म्हणजे तोंड दिसू नये. तेवढ्यात म्हैस ओरडली.

"बाबा, तुमच्या चीनमदी बी म्हस हाय?"

"हाय की."

"आमच्या म्हशीगत वरडती," ऋतिका म्हणाली, आणि तुकडा काचेला लावला. नागेंद्रनं तोंड हलवलं.

मग ते रोजचंच झालं. दिवेलागणीला नागेंद्र गोठ्यात जायचा आणि घरातल्या घरात फोन करायचा. गल्लीला कळायला वेळ लागला नाही. "शेण काढायला न्हवं, चीनला गेलाय," भरमाअण्णा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा. शालूबाई मात्र एक दिवस भाकरी थापता थापता बोलून गेली, "फोनातला तू तिला पुरतोस, नागू. खरा तू तिला नको हाईस. मग जा की बापड्या परत. माजं गुडघं अजून चालत्यात." ती काही रागानं म्हणाली नव्हती. पण नागेंद्रला ते लागलं, कारण त्यालाही तसंच वाटायला लागलं होतं. तिकडं गेलो तर निदान रोज पोरगी धावत तरी येईल. मोठ्या बाईंना होकार कळवायचं त्यानं जवळजवळ ठरवलं.

कळवायला म्हणून फोन उघडला, तर बालवाडीचे जुने फोटो वर आले. त्यात दोदो होता. गोल तोंडाचा, पोरांमधला सगळ्यात लहान. सप्टेंबरात बालवाडीच्या फाटकाशी दरवर्षी नवीन पोरांचा आकांत असतो. दोदो आजोबांची पँट सोडायचा नाही. नागेंद्रनं पहिल्या दिवशी त्याला उचलायला हात पुढं केले, तर दोदो त्याला चावला. सोबतच्या लिन बाई हसल्या होत्या. त्यांनी नागेंद्रला बाजूला घेतलं, मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं, की बोलावू नको, बघू पण नको. पाठ करून बस आणि हातानं काहीतरी मजेचं कर. नागेंद्र पाठ करून बसला आणि रंगीत मातीचे गोळे वळत राहिला. दोदो तिसऱ्या दिवशी मागून येऊन त्याच्या पाठीला टेकून उभा राहिला. त्यानंतर दुपारी पोरांना लहान लहान खाटांवर झोपवायचे, तेव्हा दोदोला नागेंद्रनंच थोपटायला लागायचं. "ना लाओशी" म्हणजे नागेंद्र गुरुजी, दुसरं कुणी चालायचं नाही.

नागेंद्र फोटोकडं बघत बसला. परक्याच्या पोराला जे आपण दिलं, ते स्वतःच्या पोरीला द्यायचं सुचलंच नाही. फाटकातून आत येऊन हात पसरून धावलो. दोदोसारखी चावली नाही, हेच नशीब.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं विहिरीकडची चिकट माती घमेल्यात आणली. अंगणात जास्वंदीच्या झाडाखाली, घराकडं पाठ करून बसला आणि म्हैस करायला लागला. मातीचे बैल करायचा कर्नाटकी बेंदूर होऊन गेला होता, तरी हात ती सवय विसरले नव्हते. शिंगं केली, तोंड केलं, शेपटी लावली. पाय लावले नाहीत. तशीच जमिनीवर टेकवून ठेवली आणि दुसरी करायला घेतली.

दुपार होईपर्यंत मागं काही झालं नाही. दोन कोंबड्या येऊन गेल्या. मग कुणाचा तरी श्वास ऐकू आला.

"हिला पाय न्हाईत," ऋतिका म्हणाली.

नागेंद्रनं मान वळवली नाही. "विसरलो बघ. मला पाय येत न्हाईत करायला."

मग एक लहान हात घमेल्यात गेला. तिनं चार पाय केले. तीन बरे होते, चौथा जाड आणि वाकडा, एखाद्या गाजरासारखा. म्हैस उभी केली की त्या बाजूला कलायची.

"लंगडती," नागेंद्र म्हणाला.

"चिखलात हाय म्हनून," ऋतिका म्हणाली, आणि पळून गेली.

संध्याकाळी नागेंद्र गोठ्यात गेला तो ती म्हैस बरोबर घेऊन. दावणीच्या कठड्यावर, आपल्या खांद्यामागं दिसेल अशी ठेवली आणि फोन लावला.

"बाबा, जेवलासा?"

"न्हाय. आज काय केलंस?"

"म्हस केली. त्या मानसाला पाय करायला येत न्हाईत. म्या केलं." बोलता बोलता ती थांबली. तिनं फोन नाकाजवळ नेला. नागेंद्रला फोनमध्ये एकच मोठा डोळा दिसायला लागला.

"बाबा. तुमच्या मागं माजी म्हस हाय."

"व्हय."

"ती चीनला कशी आली?"

नागेंद्र उठला. म्हैस एका हातात आणि फोन दुसऱ्या हातात घेऊन तो गोठ्यातून बाहेर आला. परड्यातून चालत, लिंबाखालून, मागच्या दाराशी आला. ऋतिकाला फोनमध्ये लिंब दिसला, मग धुण्याची दगडी शिळा, मग स्वतःच्याच घराचं मागचं दार. दोन्ही फोन जवळ आले तसे ते किंचाळायला लागले. शालूबाईंनी परातीतला हात तसाच पिठात ठेवला.

नागेंद्र उंबऱ्यावर खाली बसला. पुढं झाला नाही, हात केले नाहीत. म्हैस उंबऱ्यावर ठेवली.

ऋतिकानं फोनमध्ये बघितलं, मग त्याच्याकडं, मग परत फोनमध्ये. फोन उलटा करून मागं कुणी आहे का तेही बघितलं. मग हळूच पुढं आली आणि तिनं बोटानं त्याच्या गुडघ्याला टोचलं.

"हे तुमचंच पाय हाईत?"

"माजंच."

"मग फोनमदी कुटं ठेवल्यासा?"

"मावत न्हवतं," नागेंद्र म्हणाला.

तिला ते पटलं. ती आत गेली, ताटातला भाकरीचा तुकडा घेऊन आली. सवयीनं त्याच्या हातातल्या फोनकडं नेला, थांबली, आणि मग त्याच्या तोंडात कोंबला. बोटांसकट. "चावा," ती म्हणाली. इतके दिवस नुसतं तोंड हलवलेल्या माणसाला त्या दिवशी खरंच चावायला लागलं, आणि ते गिळायला त्याला फार वेळ लागला.

ती त्याच्या मांडीवर बसली, आणि फोन दोन्ही हातांत धरून म्हणाली, "आता आईला भाईर काडा."

शालूबाईंनी तोंड चुलीकडं फिरवलं. आई लांब गेलीया, बाबागत, असं सगळ्यांनीच ऋतिकाला सांगितलं होतं. मालुबाईंनी सांगितलं होतं, सदलग्याच्या आजीनं सांगितलं होतं. शालूबाईंनीही.

नागेंद्रनं फोन तिच्या हातातून घेऊन खाली ठेवला.

"आई फोनमदी न्हाय, बाळा."

"मग कुटं हाय?"

"आई मेली. ती आता येत न्हाय."

"पाय फुटलं तरी?"

"तरी न्हाय."

ऋतिका बराच वेळ मातीच्या म्हशीचा वाकडा पाय दाबत बसली. तो तुटला. मग ती रडली. नागेंद्रला चुकवून नाही, लुगड्यात शिरून नाही, त्याच्याच छातीवर डोकं ठेवून रडली, आणि नागेंद्रनं तिला थोपटलं. दोदोला थोपटायचा तसंच, पाठीवर, सावकाश. तीही तशीच झोपली.

मोठ्या बाईंना त्यानं कळवलं, की येत नाही.

आता तो बेळगावात खासबागेतल्या एका बालवाडीत शिकवतो. सकाळच्या बसनं जातो, दुपारी परत येतो. परवा सप्टेंबरात तो निघायच्या गडबडीत होता, एक चप्पल पायात, एक सापडत नव्हती, आणि अवेळी ती धून वाजली. ऋतिकाच धावली. फोनमध्ये पोरंच पोरं. मागं लिन बाई. सगळ्यांत पुढं दोदो, हातात वाफवलेला पांढरा पाव घेऊन.

"ना लाओशी!" सगळे एकदम ओरडले.

दोदोनं पाव काचेला लावला. नागेंद्रनं आ केला आणि तोंड हलवलं.

ऋतिकानं हे बघितलं. तिला राग येईल असं शालूबाईंना वाटलं. पण ती त्या पोरांकडं जरा कीव करूनच बघत होती.

"ह्यास्नी वाटतंय तुमी एवढंच हाईसा," ती म्हणाली. तिनं बापाच्या हातातून फोन काढून घेतला, खाली वाकली, आणि त्याच्या दोन्ही पायांसमोर धरला. एकात चप्पल, एक अनवाणी.

"बघा," ऋतिका चीनमधल्या पोरांना म्हणाली. "पाय बी हाईत."

नागेंद्रनं अंगठा हलवून दाखवला.