मास्तरांनी दिलेली तारीख

रेल्वेची तिकिटं आपण स्वतः काढणार असं काटेसाहेबांनी जाहीर केलं, तेव्हाच घरातल्या दोघी बायकांनी एकमेकींकडे पाहिलं होतं. लेक म्हणाली, "बाबा, मी संध्याकाळी ऑफिसातून आले की काढते ना." त्यावर साहेब म्हणाले, "अडतीस वर्षं नोकरी केलीय मी. दोन तिकिटं काढता येणार नाहीत होय मला?" लेकीने कामावर जाताना लॅपटॉप स्वयंपाकघरातल्या टेबलावर उघडून ठेवला आणि विषय वाढवला नाही. बापाच्या तोंडी लागून उपयोग नसतो, हे ती फार लहानपणी शिकली होती.

काटेसाहेब हे काही त्यांचं नाव नव्हे. ते वजनमापे खात्यात निरीक्षक होते. बाजाराच्या तोंडाशी त्यांची जीप दिसली की दुकानदार आपापले काटे पुसायला घ्यायचे, त्यावरून हे नाव पडलं. किलोमागे पाच ग्रॅम कमी भरले म्हणून सख्ख्या मामेभावाचा काटा जप्त करणारा हा माणूस. निवृत्त झाले तरी खोड गेली नाही. लेकीकडे परदेशात येऊन जेमतेम महिना झाला होता, तेवढ्यात कोपऱ्यावरच्या भाजीच्या दुकानातला काटा त्यांनी दोनदा तपासून मनातल्या मनात पास करून टाकला होता.

त्यांच्या बायकोला सगळे सिस्टरबाई म्हणत. बाळंतपणाच्या वॉर्डात तीस वर्षं नर्स होत्या त्या. त्यांना या परदेशातलं काही बघायचं नव्हतं, त्यांना फक्त दादाला भेटायचं होतं. त्यांचा हा थोरला भाऊ याच देशात, रेल्वेने पाच तासांवर, मुलाकडे राहत होता. नऊ वर्षांत भेट नव्हती. आणि येत्या चार तारखेला तो दुसऱ्या मुलाकडे, समुद्रापलीकडे, कायमचा जायचा होता. दादाचे गुडघे गेलेले, सिस्टरबाईंचीही साठी उलटलेली. आता भेट झाली नाही तर पुन्हा कधी, हा प्रश्न दोघांनीही फोनवर विचारला नव्हता.

सुट्ट्यांचे दिवस होते. चार तारखेच्या आत एकाच गाडीला जागा दिसत होत्या. एक जूनला, सकाळी अकराच्या गाडीला, शेजारीशेजारी, मोजून दोन.

"घ्या की मग," सिस्टरबाई म्हणाल्या. "बघत काय बसलात?"

साहेबांनी जागांवर बोट ठेवलं. पडद्याच्या कोपऱ्यात लगेच एक घड्याळ उलटं चालू लागलं. दहा मिनिटांत सगळी माहिती भरा, नाहीतर जागा सुटतील, असा त्याचा अर्थ होता. साहेब एका बोटाने टाइप करत. परदेशी पाहुणा की इथला रहिवासी? पाहुणा. आडनाव, नाव, जन्मतारीख. त्यांनी पासपोर्ट शेजारी उघडून ठेवला होता, आणि आपली तारीख पाठ असूनही ते प्रत्येक आकडा पासपोर्टवरून तपासून घेत होते.

"एक जून," ते पुटपुटले. मग दुसऱ्या प्रवाशाच्या रकान्यात आले. "तुझी?"

"तीच की. मास्तरांची."

दोघांची शाळा वेगळी, गाव वेगळं, मास्तर वेगळे. पण रीत एकच. पोराला शाळेत घालायला आणलं की मास्तर विचारायचे, जन्म कधीचा? बाप डोकं खाजवायचा. मग मास्तर पोराकडे बघून अंदाजाने साल ठरवायचे आणि शाळा जूनमध्ये उघडते म्हणून पुढे एक जून लिहून मोकळे व्हायचे. साहेब बायकोपेक्षा दोन वर्षांनी मोठे, पण अंगाने किरकोळ आणि शाळेत आले उशिरा, त्यामुळे त्यांचं सालही बायकोच्याच सालावर येऊन बसलं होतं.

साहेबांनी 'पुढे' दाबलं. पडद्यावर लाल अक्षरं आली. एकाच प्रवाशाचं नाव दोनदा भरलं आहे, कृपया एक काढून टाका.

"आँ?" साहेब म्हणाले.

आडनाव एक, नावाचं पहिलं अक्षर एक, जन्मतारीख एक. यंत्राने दोघांना एक माणूस ठरवून टाकलं होतं. छत्तीस वर्षांच्या संसारात जे कुणाला जमलं नाही ते त्याने चुटकीसरशी केलं. साहेबांनी पुन्हा भरलं, पुन्हा लाल अक्षरं. घड्याळात सहा मिनिटं राहिली.

"मग तुमची खरी टाका," सिस्टरबाई म्हणाल्या. "नऊ नोव्हेंबर."

साहेबांची खरी तारीख घरात माहीत होती. त्यांच्या वडिलांनी ती वहीत लिहून ठेवली होती, आणि सिस्टरबाई दर नऊ नोव्हेंबरला न चुकता घरी गोडाधोडाचं करत.

"पासपोर्टवर काय आहे? एक जून. गाडीत तपासलं तर? खोटी माहिती दिली असं होईल."

"खरी तारीख खोटी कशी होईल?"

"शिक्का ज्याच्यावर आहे तेच माप खरं, अगं. नाहीतर तू तुझी खरी सांग. पासपोर्टचं काय ते मी बघतो." हे साहेब वैतागून बोलले होते.

"माझी कुठे आहे?" सिस्टरबाई म्हणाल्या.

सहज म्हणाल्या, दुधाची पिशवी संपली असं सांगावं तसं. आई होती तोवर एकदोनदा त्यांनी विचारलं होतं. सात पोरांची ती माय म्हणाली होती, कोण केव्हा झालं ते एकीकडे, सगळी जगली एवढं मला आठवतं. पुढे याच लेकीने दुसऱ्यांच्या हजारो पोरांची जन्मवेळ मिनिटासकट रजिस्टरात लिहिली.

घड्याळ शून्यावर आलं आणि जागा सुटल्या. साहेबांची पाचावर धारण बसली. दादाची भेट आपल्या हट्टापायी हुकली तर ही बोलणार काही नाही, पण आपल्याला तिच्याकडे बघवणार नाही, हे त्यांना ठाऊक होतं.

"वेगवेगळी काढा," सिस्टरबाई म्हणाल्या. "एक तुमचं, एक माझं. आपण एकमेकांना ओळखतच नाही म्हणा."

युक्ती चालली. पण तेवढ्यात शेजारच्या जागांपैकी एक कुणीतरी उचलली होती, आणि दुसऱ्या तिकिटाला कुणीतरी सोडलेली जागा मिळाली ती थेट गाडीच्या दुसऱ्या टोकाला. साहेब तिसऱ्या डब्यात, सिस्टरबाई आठव्या.

पुढचे चार दिवस साहेबांनी सूचनांनी घर डोक्यावर घेतलं. उतरायच्या स्टेशनचं नाव कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून दिलं. पासपोर्ट पर्समध्ये कुठल्या कप्प्यात ठेवायचा ते दाखवलं. कुणी काही विचारलं तर तिकीट पुढे करायचं, बोलायच्या भानगडीत पडायचं नाही. सिस्टरबाई "बरं" म्हणत आणि दादासाठी विणलेला मफलर पिशवीत घालत.

एक जूनला गाडी वेळेवर सुटली. तासाभराने तिकीट तपासनीस बाई तिसऱ्या डब्यात आल्या. त्यांनी साहेबांचं तिकीट यंत्राला दाखवलं, पासपोर्ट पाहिला आणि एकदम हसून वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या.

"नाही, नाही," साहेब म्हणाले. "आज माझा वाढदिवस नाही."

बाईंनी पुन्हा पासपोर्टात पाहिलं. साहेबांनी मोडक्यातोडक्या भाषेत मास्तर, शाळा, जून महिना, वडिलांची वही, सगळं सविस्तर समजावून सांगितलं. जसजसं ते समजावत गेले तसतसं बाईंचं हसू मावळत गेलं. त्यांनी फोटो पाहिला, साहेबांकडे पाहिलं, परत फोटो पाहिला. शेवटी साहेबांनी "थँक यू, थँक यू" म्हणत पासपोर्ट खिशात घातला. बाई मान हलवत पुढे गेल्या.

आणि मग अर्ध्या तासाने साहेबांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. ही बाई एव्हाना आठव्या डब्यात पोचली असणार. तिथेही एक जूनच निघणार, तेच आडनाव निघणार. सिस्टरबाई एकट्या, भाषा येत नाही, पासपोर्ट बनावट आहे असं या बाईला वाटलं तर? साहेब उठले. हलत्या गाडीत आसनांच्या पाठी धरत, लोकांच्या पायांवर पाय देत, माफी मागत त्यांनी पाच डबे पार केले.

आठव्या डब्याच्या काचेच्या दारातून त्यांना सिस्टरबाई दिसल्या. खिडकीशी बसल्या होत्या. पुढ्यातल्या फळीवर कागदी बशीत केकचा तुकडा होता. समोरचे म्हातारे गृहस्थ, पलीकडची विणकाम करणारी बाई आणि तपासनीस बाई टाळ्या वाजवत कसलंतरी गाणं म्हणत होत्या, आणि सिस्टरबाई तोंडाला पदर लावून हसत होत्या. हसता हसता त्यांनी डोळे पुसले. विणकाम करणाऱ्या बाईने त्यांच्या हातावर हात ठेवला.

साहेब दाराशीच थांबले. तिने नाही म्हटलं नव्हतं. तिला कुणी शुभेच्छा दिल्या, तिने त्या घेतल्या. छत्तीस वर्षं दर नऊ नोव्हेंबरला त्यांनी गोडाधोडाचं जेवून ढेकर दिला होता आणि एकदाही विचारलं नव्हतं, तुझा कधी करायचा गं? साहेबांना स्वतःची लाज वाटली, चांगली कान धरून उठाबशा काढाव्यात इतकी.

सिस्टरबाईंनी त्यांना पाहिलं आणि हाताने बोलावलं. "हे माझे मिस्टर," त्यांनी मराठीतच सगळ्यांना सांगितलं. तपासनीस बाईंनी साहेबांकडे बोट दाखवून भुवया उंचावल्या. सिस्टरबाईंनी मान हलवली. "नाही. यांचा नोव्हेंबरात."

उरलेला केक साहेबांना मिळाला. तो खाऊन ते मुकाट्याने तिसऱ्या डब्यात परत गेले.

दादा स्टेशनवर काठी टेकून बाकावर बसला होता. बहीणभाऊ एकमेकांकडे बघत राहिले, मग दोघेही एकदम बोलू लागले आणि दोघांनाही एकमेकांचं काही ऐकू आलं नाही. मफलर जूनच्या उन्हात गळ्यात पडला. साहेब बाजूला उभे राहून वाट बघत होते. जरा शांत झाल्यावर ते पुढे झाले.

"दादा, तुम्ही हिच्यापेक्षा सात वर्षांनी मोठे. ही झाली तेव्हाचं काही आठवतं? महिना? पीक कुठलं होतं, सण कुठला होता?"

दादाने डोळे मिटले. "थंडी होती. मला शेजारच्या घरी झोपवलं होतं आणि मला पांघरूण पुरलं नव्हतं."

"म्हणजे डिसेंबर-जानेवारी. शाळा चालू होती? चांदणं होतं का काळोख?" साहेबांनी खिशातून पेन काढलं.

"अहो, पुरे," सिस्टरबाई म्हणाल्या. "काही शोधू नका. माझा आज झाला. केकसुद्धा खाल्ला."

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. मग घड्याळात पाहिलं. "दुकानं सहाला बंद होतात इथली," ते म्हणाले. "तुम्ही बोलत बसा. मी येतो तुला काहीतरी घेऊन."

दहा पावलं गेले आणि थांबले. परत आले.

"अगं, तुला आवडतं तरी काय?"

सिस्टरबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, दादाकडे पाहिलं, समोरच्या रिकाम्या रुळांकडे पाहिलं.

"सांगते," त्या म्हणाल्या आणि बाकावर जरा सरकल्या. "बसा. वेळ लागेल."

काटेसाहेब त्यांच्या शेजारी बसले.